चोकच्या अलीकडे, चोकच्या पलीकडे

गेल्या अंकात तेलविहिरीच्या चाचणीवर लिहिताना मी एक वाक्य ओझरतं टाकलं होतं : ‘विहीर उघडतात ती चोकवर.’ पत्रं आली ती बहुतेक त्याच वाक्यावर. चोक म्हणजे काय, तो बसतो कुठे, झिजतो कसा, त्याच्यापाशी उभा असतो तो माणूस नेमकं काय करतो. माझी नोकरीची बरीचशी वर्षं चोक मॅनिफोल्डपाशीच, म्हणजे चोक आणि त्याचे व्हॉल्व्ह एकत्र बसवलेल्या पाइपांच्या जोडणीपाशीच, गेली आहेत, तेव्हा या वेळचा स्तंभ सगळाच्या सगळा त्याला.

प्रश्न : विहिरीच्या तोंडाशी एवढे मोठे व्हॉल्व्ह असतातच. त्यातलाच एखादा अर्धा उघडून प्रवाह हवा तेवढा ठेवता येत नाही का? चोक नावाचं वेगळं यंत्र कशाला? (एक निवृत्त शिक्षक)

सर, घरचा नळ अर्धा सोडायची सवय असलेल्या कुणालाही हा प्रश्न पडेल. पण विहिरीच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह गेट प्रकारचे असतात. आत पोलादाची एक जाड पाटी वर-खाली सरकते. ती एक तर पूर्ण वर हवी, नाहीतर पूर्ण खाली. मधेच ठेवली की त्या फटीतून तेल, वायू, पाणी आणि बारीक वाळू इतक्या वेगानं घुसतात की पाटीची कड आणि तिची बैठक दोन्ही खरवडून निघतात. मग ज्या दिवशी तो व्हॉल्व्ह खरोखर बंद व्हायला हवा, त्याच दिवशी तो गळतो. म्हणून नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतात : गेट व्हॉल्व्हनं प्रवाह थांबवायचा, प्रवाह आवरायचा तो चोकनं.

चोक म्हणजे मुळात एक भोक. पोलादाच्या किंवा टंगस्टन कार्बाइडच्या लहानशा नळकांड्यात नेमक्या व्यासाचं आरपार भोक पाडलेलं असतं. या नळकांड्याला आम्ही ‘बीन’ म्हणतो आणि ते तळहातावर मावतं. व्यास मोजायचा तो इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. ‘विहीर बत्तीसवर आहे’ म्हणजे भोक ३२/६४, अर्ध्या इंचाचं. इथे एक गोष्ट कागदावर सोपी वाटते आणि मॅनिफोल्डवर विसरली जाते : १६ वरून ३२ वर गेलं की व्यास दुप्पट होतो, पण भोकाचं क्षेत्रफळ चौपट होतं. आकडा दुप्पट म्हणजे प्रवाह दुप्पट, असं धरून चालणारा इंजिनिअर पहिल्या तासातच घामाघूम होतो.

मॅनिफोल्डला दोन हात असतात. एका हातात फिरता चोक असतो. त्यात सुईसारखा टोकदार दांडा बैठकीत आत-बाहेर होतो, बाहेर हँडव्हील आणि आकडे कोरलेला ड्रम. दुसऱ्या हातात ठरावीक भोकाचं बीन. विहीर उघडायची ती फिरत्या चोकवर, थोडी थोडी. सुरुवातीला विहीर खोकते. आधी नळीत भरून ठेवलेलं पाणी येतं, मग ड्रिलिंगचा चिखल, मधेच वायूचा गोळा आणि पुन्हा चिखल. हे सगळं फिरत्या चोकनं सोसायचं. श्वास एकसारखा झाला की तेवढ्याच मापाचं बीन दुसऱ्या हातात बसवून प्रवाह तिकडे वळवायचा. ड्रमवरच्या आकड्यावर मोजमापासाठी विसंबत नाहीत, कारण सुईचं टोक झिजलं की ड्रम २० दाखवतो आणि भोक भलतंच असतं.

बीन नेमकंच का हवं, याचं खरं कारण पुढे आहे. अलीकडे म्हणजे विहिरीच्या बाजूला, पलीकडे म्हणजे पुढच्या यंत्रांच्या बाजूला. चोकच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या साधारण निम्म्यावर आला (नैसर्गिक वायूसाठी हे गुणोत्तर ०.५५ च्या आसपास असतं) की भोकातला वायू ध्वनीच्या वेगाला पोचतो. मग पलीकडे काहीही हललं तरी त्याची खबर अलीकडे जात नाही. तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधली पातळी खालीवर झाली, आलेलं तेल-वायू जाळणारा बर्नर फडफडला, तरी विहिरीला पत्ता नसतो. विहिरीच्या तळाशी सोडलेले दाबमापक अशा वेळी स्वच्छ रेघ काढतात. हॉर्नर यांनी १९५१ साली मांडलेली पद्धत आजही विद्यार्थी पहिल्यांदा शिकतात. विहीर बंद केल्यावर तळाचा दाब कसा चढत जातो, यावरून खडकाची पारगम्यता, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो ते, त्या पद्धतीनं काढता येते. तिच्या मुळाशी बंद करण्याआधीचा प्रवाह लागतो, आणि तो जितका स्थिर तितकं उत्तर भरवशाचं. खडकाबद्दलचं सगळं गणित असं त्या तळहातावरच्या बीनवर उभं असतं.

प्रश्न : आमच्या पुस्तकात टेस्ट सेपरेटरचा कार्यदाब १४४० पीएसआय दिलाय आणि विहिरीच्या तोंडाशी ५००० पीएसआय. मग सेपरेटर फुटत कसा नाही? (अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

तुला हा आकडा खटकला, हे फार चांगलं झालं. (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंडांचा दाब.) बरेच जण ‘मधे चोक असतो’ एवढं उत्तर लिहून मार्क मिळवतात, आणि तेच उत्तर फील्डवर घात करतं.

चोक दाब उतरवतो, पण फक्त प्रवाह चालू असेपर्यंत. भोकातून पळताना वायू-तेलाचा दाब खर्च होतो म्हणून पलीकडे ५००० चे ५०० होतात. आता समज, पलीकडचा एखादा व्हॉल्व्ह कुणी चुकून बंद केला. वाहणं थांबलं. भोक तर उघडंच आहे. मग चोकच्या दोन्ही बाजू म्हणजे एकच भांडं, आणि त्या बंद व्हॉल्व्हपर्यंतची सगळी पाइप बघता बघता विहिरीच्या दाबावर चढते. तिथल्या पाइपा, हीटर, सेपरेटर या दाबासाठी बनलेलेच नसतात. म्हणून पलीकडे बाहेर पडायची वाट कायम मोकळी ठेवायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. लाइन उघडताना पलीकडून अलीकडे यायचं. आधी बर्नरकडचा व्हॉल्व्ह, मग सेपरेटर, मग हीटर, आणि विहीर सगळ्यात शेवटी. बंद करताना उलट, आधी विहीर. मी हे शिकलो तेव्हा माझ्याकडून लाइनवरून बोट फिरवत, प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून, मोठ्यानं म्हणवून घेतलं होतं. मीही पुढे पोरांकडून तसंच म्हणवून घेतलं.

माणूस चुकणार हे धरूनच बाकीची रचना असते. विहिरीच्या तोंडावर फ्लोहेड बसतो. त्यात खाली मास्टर व्हॉल्व्ह, वर स्वॅब व्हॉल्व्ह, एका बाजूला जड द्रव पंप करून विहीर मारायची वाट आणि दुसऱ्या बाजूला प्रवाहाची वाट. या प्रवाहाच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह हायड्रॉलिक दाबावर उघडा राहतो. तो दाब सुटला की आपोआप बंद होतो. चोकच्या पलीकडे पाइपला दाबावर नजर ठेवणारे पायलट लावलेले असतात. दाब ठरावीक आकड्याच्या वर गेला, किंवा पाइप फुटून एकदम खाली आला, तरी पायलट हायड्रॉलिकचा दाब सोडून देतो आणि विहीर तोंडाशीच मिटते. ईएसडीची, म्हणजे इमर्जन्सी शटडाउनची, लाल बटणंही तेच करतात. ती मॅनिफोल्डपाशी, सेपरेटरपाशी, शिवाय माणसं पळून जिथे जमणार त्या वाटेवरही बसवतात. आणि यातलं काहीच चाललं नाही, तर सेपरेटरवर जादा दाब आपोआप बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो.

हे सगळं विहीर उघडण्याआधी पाण्यानं दाबून तपासतात, प्रत्येक टप्पा त्याच्या त्याच्या दाबाला. परीक्षेत आकृती काढशील तेव्हा चोकच्या जागी एक जाड उभी रेघ मार आणि दोन्ही बाजूंना कमाल दाब लिही. ती रेघ काढली की आकृती वाचता येते.

प्रश्न : सेपरेटरच्या मीटरवर तेल जास्त आणि टाकीत मोजलं की कमी. गळती नसतानाही असं का होतं?

तेलात विरघळलेला वायू सेपरेटरच्या दाबाखाली अजून आतच असतो. टाकीत दाब उतरला की तो बाहेर पडतो आणि तेल आकसतं. त्या आकसण्याचं प्रमाण चाचणीदरम्यान मोजून मीटरच्या आकड्याला लावायचं, मग दोन्ही आकडे जुळतात. न लावलेला आकडा अहवालात गेला, तर विहीर आहे त्याहून श्रीमंत दिसते.

प्रश्न : रणरणत्या उन्हात चोकच्या पुढच्या पाइपवर पांढरा बर्फ साचलेला मी स्वतः पाहिला. आणि शेजारीच हीटर! हे काय गौडबंगाल आहे?

दाबाखालचा वायू एकदम पसरला की थंड होतो. चोकच्या भोकापलीकडे नेमकं तेच घडतं. बाहेरचा बर्फ हवेतल्या ओलाव्याचा, तो दिसायला भारी पण निरुपद्रवी. काळजी आतली.

पाइपच्या आत पाणी आणि नैसर्गिक वायू दाबाखाली एकत्र आले की हायड्रेट नावाचा बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात वायूचे रेणू अडकलेले असतात. याला शून्य अंशाची वाट पाहावी लागत नाही. सुमारे १००० पीएसआयला शुद्ध मिथेनचं हायड्रेट १० अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकतं आणि प्रोपेन मिसळलेल्या वायूचं त्याहूनही वर. वायूच्या पाइपलाइनी हिवाळ्यात तुंबतात त्या साध्या बर्फानं नाही, या हायड्रेटनं तुंबतात, हे हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवून दिलं. हीटर शेजारी असतो तो याचसाठी. वायूचा दाब फार असेल तर दोन टप्प्यांत उतरवतात : आधी तापवायचं, मग हीटरमधल्याच चोकवर दाब उतरवायचा, मग पुन्हा तापवायचं. शिवाय चोकच्या अलीकडे लहान पंपानं मिथेनॉल सोडतात.

आता मागच्या उत्तराशी जोडून पाहा. चोकच्या पलीकडे हायड्रेटचं बूच बसलं म्हणजे कुणीतरी पलीकडचा व्हॉल्व्ह बंद केल्यासारखंच झालं. दाब चढू लागतो. अशा वेळी घाईघाईनं बुचाच्या एकाच बाजूचा दाब सोडून देणं ही प्राणघातक चूक आहे. मागच्या दाबानं ते बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं आणि पहिल्या वळणावर पाइप फोडून बाहेर येतं. दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू, बरोबरीनं उतरवायचा आणि वाट पाहायची. मधेच एका जागी आग किंवा वाफ धरणंही तितकंच वाईट. हायड्रेट वितळताना स्वतःच्या आकारमानाच्या दीडशे पटींहून जास्त वायू सोडतं, आणि तो दोन्ही बाजूंनी कोंडलेला असेल तर जाणार कुठे?

मी एकदा असं बूच सुटायची वाट पाहत अख्खी पाळी बसून काढली आहे. वरून सारखी विचारणा होत होती, आणि आमच्या सुपरवायझरनं दर वेळी एकच उत्तर दिलं, ‘दोन्ही गेज सारखे झाले की सांगतो.’ त्या माणसाचा तो शांतपणा मला अजून आठवतो.

प्रश्न : चाचणी चालू असताना दाब घटत जातो आणि तेलाच्या प्रवाहाचा रेट वाढत जातो. म्हणजे विहीर साफ होतेय असंच समजायचं ना? (तरुण रिझर्व्हॉयर इंजिनिअर)

नाही. हे उत्तर मी जरा सविस्तर देतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

चोवीसच्या बीनवर विहीर लावून संध्याकाळी सगळं स्थिर झालं होतं. अलीकडे २९०० पीएसआय, पलीकडे ४२०. मी दर पंधरा मिनिटांनी वाचन घेत होतो. मध्यरात्रीनंतर अलीकडचा दाब उतरू लागला. २८८०, २८५०, २८१०. रेट मात्र चढत होता. केबिनमध्ये सगळे खूश होते, विहीर मोकळी होतेय म्हणून. मीही तसंच धरून आकडे लिहीत गेलो. आकडे अगदी बरोबर लिहिले. ते एकमेकांशी काय बोलताहेत, ते मात्र ऐकलं नाही.

पाळी बदलायच्या आधी आमचा वयस्क ऑपरेटर मॅनिफोल्डपाशी आला. गेज बघायच्या आधी त्यानं चोकच्या पुढच्या पाइपवर तळवा ठेवला आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. ‘शिट्टी गेली,’ म्हणाला. मी कान दिला. संध्याकाळपासून येणारी बारीक शिट्टी खरंच नव्हती. तिच्या जागी खसखस होती, सुपात काहीतरी घोळवल्यासारखी. त्यानं सेंट्रिफ्यूजची, म्हणजे नमुना गरगर फिरवून त्यातले थर वेगळे करणाऱ्या यंत्राची, काचनळी उजेडात धरली. तेल, पाणी आणि अगदी तळाशी केसाएवढी करडी रेघ. वाळू.

प्रवाह फिरत्या चोकवर वळवून बीन काढलं. चोवीसचं गोल भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. एका बाजूला अशी खाच की करंगळीचं नख आत जावं. कड धारदार, आरशासारखी चकचकीत. वाळूनं किती सफाईनं कापलं होतं!

याचं गणित सोपं आहे. गिल्बर्ट यांचं १९५४ चं सूत्र तू शिकला असशील. त्यात प्रवाह हा अलीकडच्या दाबाच्या आणि बीनच्या मापाच्या १.८९ व्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे चोवीसचं सत्तावीस झालं, तर दाब तोच राहूनही रेट सुमारे पाव पटीनं वाढेल. विहीर खरोखर साफ होत असेल, तर जड चिखल-पाणी निघून गेल्यामुळे त्याच बीनवर दाब आणि रेट दोन्ही चढतील. दाब खाली आणि रेट वर, अशी उलटी जोडी दिसली की आधी बीनवर संशय घ्यायचा. पलीकडचा दाबही चढलेला असेल तर संशय पक्का.

त्या रात्रीच्या तीन तासांच्या वाचनांवर अहवालात ‘चोक कापला गेला’ असं लिहावं लागलं आणि तो टप्पा नव्यानं घ्यावा लागला. चोकच्या पुढचं पहिलं वळणही सकाळी जाडी मोजून तपासलं. बीन कापणारी वाळू तिथेच थांबत नाही, पुढचं वळण हे तिचं दुसरं लक्ष्य. म्हणून वाळूची शंका असलेल्या विहिरीला चोकच्या अलीकडे वाळूगाळणी लावतात, आणि मी तर म्हणेन की शंका नसलेल्या विहिरीलाही दर वाचनाबरोबर काचनळीचा तळ बघावा. त्याला अर्धा मिनिट लागतो.

प्रश्न : माझा मुलगा यंदाच वेल टेस्टिंगच्या क्रूमध्ये लागला. फोनवर ‘रात्री बीन बदललं’ असं सहज सांगतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण जीव टांगणीला लागतो. या कामात धोका कितपत असतो? (एक आई)

ताई, धोका आहे आणि तुमच्यापासून तो लपवण्यात अर्थ नाही. पण तो कुठे आहे हे माहीत असलेला धोका आहे. बीन बदलणं म्हणजे काय ते सांगतो.

आधी प्रवाह दुसऱ्या हातावर वळवतात. मग या हाताचे अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करतात, चाकाचे फेरे मोजून, कारण फेरे कमी भरले तर पाटी पूर्ण बसलेली नसते. मधे अडकलेला दाब एका बारीक नीडल व्हॉल्व्हमधून सोडतात. गेज शून्यावर येतो. इथे नवखा माणूस फसू शकतो. ती बारीक वाट वाळूनं किंवा हायड्रेटनं तुंबली असेल, तर गेजवर शून्य आणि आत पूर्ण दाब. म्हणून शून्यावर विश्वास न ठेवता ती वाट खरंच मोकळी आहे का ते बघायचं. मग चोकच्या टोकाची कॅप थोडीशीच सैल करायची, हात थांबवायचा आणि ऐकायचं. फुसकारा आला तर तिथेच थांबायचं, आटे अजून धरून असतात. अजिबात आवाज नाही, मगच पुढे. आणि हे सगळं करताना कॅपच्या समोर कधीही उभं राहायचं नाही. आत दाब राहिला असेल तर ती कॅप सरळ रेषेत येते. नवीन बीनवर कोरलेला आकडा दोघांनी वाचायचा, एकानं मोठ्यानं आणि दुसऱ्यानं लिहून.

विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असेल तर मुखवटा आणि हवेची टाकी लावूनच काम होतं. कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणजे कळेलच, असं समजण्यात घात आहे. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकाची संवेदनाच मरते, आणि तेवढं प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. म्हणून छातीवरचा डिटेक्टर पाळीभर चालू राहिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्याला माझ्यातर्फे जरूर सांगा. पाइपा जोडायच्या हॅमर युनियनमध्ये दोन इंची ६०२ आणि १५०२ हे दोन प्रकार असतात, पहिला ६००० पीएसआयचा, दुसरा १५,००० चा. या दोघांचे भाग एकमेकांत बसल्यासारखे होतात, हातोड्यानं आवळताही येतात, आणि दाब आला की सुटतात. यात माणसं गेली आहेत. अंधारात, घाईत, ग्रीस लागलेल्या हातानं जोडताना त्यावरचा आकडा पुसून वाचायचाच.

तुमचा मुलगा ‘सहज’ सांगतो, म्हणजे त्याच्यासोबत शिकवणारं कुणीतरी आहे असं मला वाटतं. पुढच्या फोनवर विचारून पाहा, ‘कॅप सैल करताना तू कुठे उभा होतास?’ तो ‘बाजूला’ म्हणेल. नाही म्हणाला, तर हे पान त्याला पाठवा.